सोमवारची स्तुती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या ख्रिस्ती घरांतून एक वाक्य सारखं कानावर पडतं, 'देवाची स्तुती असो'. मुलगा दहावी पास झाला, देवाची स्तुती असो. एसटीत खिडकीजवळ जागा मिळाली, देवाची स्तुती असो. इतकं सवयीचं की म्हणणाऱ्याचंही त्याकडे लक्ष नसतं. आज मी त्या वाक्याबद्दलच बोलणार आहे. मी कोणी धर्मोपदेशक नाही. चौतीस वर्षं परिचारिका होते, २०११ साली निवृत्त झाले. रविवारी आमच्या मंडळीत गाते, एवढंच. त्यामुळे मी सांगणार आहे ते पुस्तकातलं थोडं आणि स्वतःच्या अंगावरून गेलेलं जास्त.

माझे वडील नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेत मास्तर होते. दिवेलागणीला कंदील मध्ये ठेवून आम्ही सगळे प्रार्थनेला बसायचो. एक भजन व्हायचं, वडील पवित्र शास्त्रातला उतारा वाचायचे आणि मग प्रत्येकाने आज देवानं काय दिलं ते सांगायचं, असा शिरस्ता होता. मी काहीतरी लांबलचक शोधून काढायची. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, रोज एकच वाक्य म्हणायचा, 'भाकरी मिळाली.' आम्ही हसायचो. आई डोळे वटारायची. पुढे १९७२ चा दुष्काळ पडला. दादा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागला. हाताला फोड घेऊन घरी यायचा आणि मिलोची लाल भाकरी खायचा. त्या वर्षी कंदिलासमोर त्यानं तेच वाक्य म्हटलं, तेव्हा कोणी हसलं नाही.

स्तुती म्हणजे आनंदाचं गाणं, असं आपण धरून चालतो. पण शास्त्र उघडून पाहिलं तर निराळं दिसतं. जुन्या करारात स्तोत्रसंहिता नावाचं पुस्तक आहे. त्यात १५० स्तोत्रं आहेत. मूळ हिब्रू भाषेत या पुस्तकाचं नाव 'तेहिल्लिम', म्हणजे स्तवनं. आणि या स्तवनांच्या पुस्तकात रडणं किती आहे म्हणता! देवा, तू कुठं लपलास, मला का विसरलास, शत्रू मला हसताहेत, रात्री अंथरूण आसवांनी भिजतं, अशा तक्रारी पानोपानी आहेत. हे पुस्तक ज्यांनी सांभाळून ठेवलं, त्यांना त्या तक्रारीही स्तवनातच मोडतात असं वाटलं असणार. देवापुढे खोटं न बोलणं हीदेखील त्याची स्तुतीच. नव्या करारात पौल आणि सीला यांना फिलिप्पै गावात फटके मारून तुरुंगात टाकतात, पाय खोड्यात अडकवतात आणि मध्यरात्री ते दोघे गाऊ लागतात. त्यांच्या पाठी दुखत नव्हत्या असं कुठंही लिहिलेलं नाही.

आमच्या मराठी मंडळींत रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं आजही गातात. पेटी, तबला, टाळ आणि टिळकांचे शब्द. ज्यांना ख्रिस्ती उपासना म्हणजे काहीतरी विलायती प्रकार वाटतो, त्यांनी एकदा येऊन ऐकावं. तुकोबांच्या अभंगांनी आपल्याला ख्रिस्तापर्यंत पोचवलं, असं टिळक स्वतः सांगत. पण या गाण्यांमागे किती मोडतोड होती, तेही आठवावं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि एक चांगलं नांदतं घर दुभंगलं. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं. काही काळ त्या पंढरपूरला राहिल्या. पुढे नगरला टिळकांबरोबर राहू लागल्या तरी सोवळंओवळं सुटलं नव्हतं. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' मध्ये हे सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यात मला सगळ्यांत मोलाची वाटते ती एक गोष्ट. त्यांचं मन पालटलं ते काही एखाद्या मोठ्या सभेत नव्हे. हे पाणी कोणाच्या हातचं, हे अन्न कोणी शिजवलेलं, या रोजच्या प्रश्नांशी झगडता झगडता, माणसामाणसांत भेद देवानं केलेला नाही हे त्यांना उमगत गेलं. श्रद्धा आधी त्यांच्या पाण्याच्या तांब्यापर्यंत पोचली. आणि हे सांगताना त्या स्वतःला कुठंही मोठेपणा देत नाहीत, उलट स्वतःवरच हसतात.

आता माझं सांगते.

मिरजेला नर्सिंग शिकून मी १९७७ मध्ये एका दवाखान्यात लागले. काम मनापासून आवडायचं. रात्रपाळीला वॉर्ड शांत झाला की मी हळू आवाजात भजन गुणगुणत फेरी मारायची. बेडपॅन काढताना, जखम धुताना, कोणाचा घाम पुसताना गाणं आपोआप ओठांवर यायचं. एकदा एक म्हातारे वारकरी पेशंट होते. त्यांना झोप लागत नव्हती. मला म्हणाले, "सिस्टर, जरा मोठ्यानं म्हणा की." मी टिळकांचं भजन म्हटलं. मग त्यांनी एक अभंग म्हटला. दोघांचेही देव त्या रात्री जागेच असावेत, कारण पहाटे बाबांना छान झोप लागली. अशा वेळी वाटायचं, आपण चोवीस तास देवाची स्तुतीच करतो आहोत. थोडा अभिमानही वाटायचा. खोटं का बोलू!

१९९८ साली वडील गेले. आई आधीच गेली होती. मागे राहिलं ते गावातलं घर आणि दोन एकर जमीन. दादानं वारसनोंद करताना माझं नाव लावलंच नाही. मी विचारलं तर म्हणाला, "तुझं लग्न झालंय, तुला नोकरी आहे, तुला काय करायचंय?" आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. हे मला ठाऊक होतं आणि दादालाही ठाऊक होतं. १९९९ मध्ये मी दावा लावला. यजमान म्हणाले, "वकिलांना कोर्टात भांडू दे. तू दादाशी बोलणं मात्र सोडू नकोस." पण मी बोलणं सोडलं.

आठ वर्षं. या आठ वर्षांत मी एकही रविवार चुकवला नाही. गायनमंडळीत पुढच्या रांगेत उभी राहायची. परक्या माणसाची घाण काढताना गाणं सुचणारी मी, सख्ख्या भावाचं नाव निघालं की तोंड फिरवायची. आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हतं, कारण माझी बाजू खरी होती. खरोखरच खरी होती. माणूस खरा असला म्हणजे त्याला स्वतःकडे बघायची गरज वाटत नाही, हे मी अनुभवानं सांगते.

२००७ सालची गोष्ट. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. प्रभुभोजनाचा रविवार होता. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातला पाचवा अध्याय वाचला. त्यात येशूचं सांगणं असं आहे की, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे तिथं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. हा उतारा मी लहानपणापासून ऐकलेला. पण त्या दिवशी एक गोष्ट पहिल्यांदा कानात शिरली. 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर' असं तिथं नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे.

दादाच्या मनात माझ्याविरुद्ध काय असणार? चूक तर त्याची! असं मनाशी म्हणतेय तोच मला वहिनी आठवली.

तीन वर्षांपूर्वी वहिनीचं ऑपरेशन झालं होतं. आमच्याच दवाखान्यात. ती दाखल झाल्याचं मला कळलं, त्या दिवशी मी मेट्रनना सांगून माझी ड्यूटी दुसऱ्या वॉर्डात बदलून घेतली. वहिनी नऊ दिवस तिथं होती. माझ्या वॉर्डापासून तिचा वॉर्ड चाळीस पावलांवर. मी एकदाही गेले नाही. त्या नऊ दिवसांतही मी फेरी मारताना भजनं गुणगुणत होते. वहिनीनं माझं काय वाकडं केलं होतं? काही नाही. माझ्या बाळंतपणात तीच माझं डोकं चोळायची.

पेटी सुरू झाली. पुढचं गाणं माझ्याच पट्टीचं होतं. मला तोंड उघडता येईना. मी पुस्तक बाकावर ठेवलं आणि बाहेर आले. यजमान मागोमाग आले. "कुठं निघालीस?" म्हणाले. मी म्हटलं, "गावाला." "मी येऊ?" "नको."

दुपारी दीडला गावात पोचले. दादा ओट्यावर कांदे निवडत बसला होता. मी सलाम केला. त्यानं मान वर केली आणि म्हणाला, "तारीख तर पुढच्या महिन्यात आहे."

मी म्हटलं, "तारखेसाठी नाही आले, दादा. वहिनीला भेटायचंय."

वहिनी चुलीपाशी होती. मी तिच्यासमोर बसले आणि ऑपरेशनच्या वेळी मी काय केलं ते सांगितलं. ड्यूटी बदलून घेतल्याचंही सांगितलं. वाटलं होतं, ती म्हणेल 'जाऊ द्या, झालं गेलं'. पण ती तसं म्हणाली नाही. भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "माझ्या खाटेवरनं दार दिसायचं, वन्सं. मी रोज बघायची."

यावर काय बोलणार! मी रडले, तीही रडली. मग तिनं मला जेवायला वाढलं. दादा आत येऊन बसला, पण एक शब्द बोलला नाही. निघताना मात्र एक पिशवी कांदे माझ्या हातात दिले. तेही न बोलता. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले. त्या दिवशी माझं प्रभुभोजन चुकलं, असं मंडळीत काही जण म्हणाले. मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

श्रोतेहो, ही गोष्ट इथं संपवली तर ती गोड होईल, पण खरी होणार नाही. दादानं माझी माफी मागितली नाही, आजतागायत मागितलेली नाही. आणि मीही दावा मागं घेतला नाही. क्षमा मागणं म्हणजे हक्क सोडून देणं नव्हे, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. विशेषतः आपल्या बहिणींना मला हे सांगायचंय. 'मोठं मन कर' असं म्हणून बाईला कागदावर सही करायला लावतात, त्याला समेट म्हणत नाहीत. पण त्या रविवारनंतर आम्ही समोरासमोर बसू लागलो. पुढे कोर्टात तडजोड झाली. घर दादाकडे राहिलं, जमिनीच्या सातबाऱ्यावर माझं नाव लागलं. वकिलांना आठ वर्षांत जे जमलं नाही, ते आम्हाला चार-पाच महिन्यांत जमलं, कारण आता बोलताना मध्ये वहिनीचा चहा असायचा.

तेव्हापासून स्तुतीबद्दलचं माझं मत बदललंय. रविवारी चर्चमध्ये शंभर आवाजांत आपला आवाज मिसळणं सोपं असतं. पेटी सूर देते, तबला ताल धरतो, शब्द पुस्तकात छापलेले असतात. खरी परीक्षा सोमवारी. तिथं पेटी नसते. ज्याचं तोंड बघू नये असं वाटतं तो माणूस समोर येतो, आणि तेव्हा आपण काय करतो यावरून आदल्या दिवशीचं गाणं खरं होतं की नव्हतं ते ठरतं. मी अजून गाते. आवाज पूर्वीसारखा लागत नाही. पण गाण्याआधी एकदा मनात विचारून घेते की, आज कोणाच्या खाटेवरून दार दिसतंय आणि मी गेलेली नाही?

उत्तर बहुतेक वेळा मिळतं. जाणं दर वेळी जमतंच असं नाही.

वहिनी आता नाही. दादा एकटाच असतो. दर सोमवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. गेल्या सोमवारीही आला. आधी दहा मिनिटं गुडघ्याची तक्रार, मग कांद्याच्या भावाची, मग आजकालच्या पोरांची. मी ऐकून घेतलं. स्तोत्रसंहितेतही इतकं ऐकून घ्यावं लागतंच. मग मी विचारलं, "बरं दादा, आज देवानं काय दिलं?"

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाला, "भाकरी मिळाली."

देवाची स्तुती असो.