रणांगणांतून खळ्यावर



युद्ध संपल्यावर सैनिकाला परतावयास घर असतें; युद्धासाठीं घडविलेल्या यंत्राला तें नसतें. कोणी तरी तें विकत घ्यावें, नाहीं तर तें जागच्या जागीं गंजून जावें, हेच दोन मार्ग उरतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेपुढें हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणांत उभा राहिला, आणि त्याचें एक उत्तर तेथील गव्हाच्या शेतांत मिळालें. सैन्याच्या मालमोटारी धान्य वाहूं लागल्या. हा प्रघात आजहि अगदींच बंद पडलेला नाहीं. त्यांत लाभ किती आणि धोका किती, याचा हिशेब पाहण्यासारखा आहे.

या गाड्यांपैकीं सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे जनरल मोटर्स कंपनीनें १९४१ ते १९४५ या काळांत बांधलेली अडीच टनी मालमोटार. अशा गाड्या पांच लाखांहून अधिक तयार झाल्या. तिला तीन आंस असून तिन्ही आंसांना इंजिनाची ओढ असे. त्यामुळें चिखल, वाळू, चढउतार यांतून ती वाट काढी. १९४४ सालीं २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्यें ‘रेड बॉल एक्सप्रेस’ या नांवानें जी अखंड वाहतूक चालली, तिचा भार मुख्यत्वें याच गाड्यांनीं उचलला. पुढें सरकणाऱ्या फौजांना या मार्गानें चार लाख टनांहून अधिक सामान पोंचलें, आणि तें पोंचविणाऱ्या चालकांपैकीं सुमारें तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय सैनिक होते.

इकडे अमेरिकेंतील शेतकऱ्याची अवस्था बिकट होती. कारखाने युद्धाच्या कामांत गुंतल्यामुळें नागरिकांना नवीन मालमोटारी दुर्मिळ झाल्या होत्या. जुन्या गाड्या झिजल्या होत्या. तरणींताठीं मुलें सैन्यांत गेलीं होतीं. उरलेल्या युद्धसामग्रीची वांटणी करण्यासाठीं तेथील सरकारनें १९४४ सालीं कायदा केला आणि १९४६ सालीं त्याकरितां स्वतंत्र खातें निर्माण केलें. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना खरेदींत अग्रहक्क होता. ज्या जातीची गाडी परमुलखांत चालविली तिच्याच जातीची गाडी आतां आपल्या शेतावर चालवावी, असा योग त्यामुळें कित्येकांच्या वाट्यास आला. ऑस्ट्रेलियांतहि कॅनडांत बांधलेल्या सैनिकी गाड्या शेतकऱ्यांनीं अशाच घेतल्या. तेथें त्यांना ‘ब्लिट्झ’ म्हणत.

सुगींत वाहनाला एवढें महत्त्व कां, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. तेथील गव्हाची कापणी आणि मळणी एकच यंत्र करतें; त्याला ‘कंबाइन’ म्हणतात. मळलेलें धान्य त्याच्या टाकींत सांठतें. टाकी भरली आणि तें ओतून घेण्यास गाडी हजर नसली, कीं यंत्र उभें राहतें. पीक तर पिकून उभें असतें. एखाद्या सायंकाळीं गारा पडल्या तर वर्षाचें अन्न तासाभरांत मातींत मिळतें. खळ्यावर रास पडलेली, आभाळ भरून आलेलें आणि गाडीचा पत्ता नाहीं, अशा वेळीं आपल्याकडील शेतकऱ्याचा जीव जसा टांगणीस लागतो, तशीच ती स्थिति. अशा वेळीं स्वस्त आणि दणकट गाडी दारांत असणें हा केवढा आधार!

पण आधार किती, हें अंकांनीं पाहावें. गव्हाचा एक बुशेल म्हणजे ६० पौंड, म्हणजे सुमारें २७ किलो. युद्धानंतरच्या पिढींत जी अडीच टनी सैनिकी गाडी पुढें आली ती ‘एम-३५’. कोरिया आणि व्हिएतनाम येथील युद्धांत तिनें सेवा केली. जुनी होऊन लिलावांत निघालेली हीच गाडी पुढें शेतांवर पुष्कळ दिसूं लागली. तिची ठरविलेली क्षमता कच्च्या जमिनीवर ५,००० पौंड आणि पक्क्या रस्त्यावर १०,००० पौंड. म्हणजे शेतांत ८३ बुशेल, रस्त्यावर १६६ बुशेल. १९४६ च्या सुमारास कंबाइनची टाकी आजच्या मानानें फार लहान होती. तेव्हां हें माप पुरत असे. आज ३०० बुशेलांहून मोठी टाकी सामान्य झाली आहे. तीनशे बुशेल म्हणजे १८,००० पौंड. एक टाकी रिकामी करावयास या गाडीला शेतांत चार खेपा हव्यात, आणि चवथी खेप पुरी होण्यापूर्वीं दुसरी टाकी भरत येते! गाडी होती तेवढीच राहिली. सुगी मात्र वाढली.

येथेंच मोह उत्पन्न होतो. हौदा रिकामा दिसतो, इंजिन ओढतें आहे, मग अधिक कां भरूं नये? गाडी हूं कीं चूं न करतां चालतेहि. पण ओढणें वेगळें आणि थांबविणें वेगळें. ‘एम-३५’ च्या मूळ रचनेंत ब्रेकला हवेच्या दाबाचें साहाय्य आहे. परंतु चाकांकडे जाणाऱ्या तेलाचा मार्ग एकच आहे. एके ठिकाणीं नळी फुटली तर सहाहि चाकांचे पायब्रेक एकदम जातात. मग केवळ हातब्रेकवर भिस्त. सैन्यांत ठराविक दिवशीं तपासणी होई; लिलावांतील गाडीची ती कोणी व किती वर्षांपूर्वीं केली, हें कळावयास मार्ग नसतो. आणि धान्याच्या कोठाराकडे जाणारा रस्ता काहीं रणांगण नव्हे. त्याच रस्त्यानें शाळेचीं मुलेंहि जातात. चाकांची गोष्टहि अशीच. त्यांवर टायर धरून ठेवणारें लोखंडी कडें नीट बसलें नसेल, तर हवा भरतांना तें उसळून माणसाचा प्राण घेऊं शकतें. म्हणून जाणते कारागीर चाक लोखंडी पिंजऱ्यांत ठेवून दूर उभे राहूनच हवा भरतात.

दुसरा तोटा डोळ्यांना दिसत नाहीं. चिखलांतून जाणें हा या गाडीचा मोठा गुण. परंतु ओल्या शेतांत हाच गुण दोष ठरतो. गाडी रिकामी असतांनाच सुमारें ६ टन भरते. तिचे टायर अरुंद व कठीण; ओली जमीन त्यांखालीं दाबली जाते, मातींतील पोकळ्या मिटतात, आणि पुढल्या पिकाचीं मुळें व पाणी दोन्हीं अडतात. वरचा थर नांगरानें मोकळा होतो; खोलचा थर कित्येक वर्षें तसाच राहतो. साधी मालमोटार चिखलांत रुतून बसते आणि शेतकऱ्याला वाट पाहावयास लावते. सैनिकी गाडी रुतत नाहीं, आणि म्हणून अधिक नुकसान करूं शकते. याच कारणानें आतां शेतांत ट्रॅक्टरमागें रुंद चाकांची धान्यगाडी फिरवितात, आणि मालमोटार बांधाबाहेर रस्त्यावर उभी ठेवितात.

शिवाय खरेदीची किंमत ही पहिलीच किंमत असते. सैन्याचा हौदा पेट्या आणि माणसें नेण्यासाठीं केलेला. गहू त्याच्या फटींतून गळतो. फटी बुजवाव्या लागतात, किंवा धान्याचा नवा हौदा बसवावा लागतो. तो उचलून कलता करणारें यंत्र नसलें, तर सगळा माल फावड्यानें उतरविणें आलें. ‘एम-३५’ ची विजेची योजना २४ व्होल्टची, तर शेतावरील बहुतेक साधनें १२ व्होल्टचीं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा हा प्रकार होऊं शकतो.

मग ही गाडी घेऊंच नये काय? तसें नाहीं. जिचा जन्म थोडें ओझें वाईट वाटेनें नेण्यासाठीं झाला, तिला तेंच काम द्यावें. दूरच्या शेतावर बियाणें आणि इंधन पोंचविणें, किंवा लहान शेतावरील बेताचें धान्य कोरड्या दिवसांत कोठारापर्यंत नेणें, हीं कामें ती उत्तम करते. सुगींत वाळलेल्या धाटांना आग लागण्याचें भय असतें. अमेरिकेंतील पुष्कळ खेड्यांतील अग्निशामक पथकांनीं अशाच गाड्यांवर पाण्याच्या टाक्या बसविल्या आहेत. जेथें दुसरी गाडी पोंचत नाहीं तेथें ही पाणी घेऊन जाते, आणि उभें पीक वांचवते.

घेणाऱ्यानें मात्र क्रम उलटा करूं नये. आधीं आपली रास मोजावी, रस्ता पाहावा, ब्रेकची नळी न् नळी तपासून घ्यावी, दुरुस्तीचा खर्च किंमतींत मिळवावा, आणि मगच लिलावांत बोली करावी.