हक्काचे मत



मत ही वतनदारी आहे काय? अमेरिकेतल्या केंटकी राज्यात एलियट नावाची डोंगराळ काउंटी आहे. वस्ती जेमतेम सात हजार, शेती एके काळी तंबाखूची. १८६९ साली ती स्थापन झाली. १८७२ ते २०१२ या काळात अध्यक्षपदाच्या ओळीने छत्तीस निवडणुकांत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच आघाडी दिली. २०१६ साली मात्र सुमारे सत्तर टक्के मते रिपब्लिकन ट्रम्प यांच्या पारड्यात पडली!

लोक एका रात्रीत फिरले, असे कोणी म्हणेल. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ते पटत नाही. २००८ साली ओबामांना तेथे सुमारे एकसष्ट टक्के मते होती. २०१२ साली ती पन्नासाच्या आत आली. भिंत आधीच पोखरली होती. रूझवेल्ट यांच्या राजवटीत तंबाखूला भावाचा आधार मिळाला, तेव्हा पक्षाचे नाव चुलीपर्यंत पोचले. २००४ साली कायद्याने ती व्यवस्था संपली. कारण तेवढे एकच, असे आम्ही म्हणत नाही. पण पोटाशी जोडलेला एक धागा तुटला, हे खरे.

आणि २०१९ साली गव्हर्नरपदासाठी याच काउंटीने पुन्हा डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला. म्हणजे दार बंद झाले नव्हते. ठोठावणारा हवा होता.

आमच्या युनियनमध्येही वर्गणीची पावती बापाकडून मुलाकडे येते. तेवढ्यावर निर्धास्त झोपणाऱ्या पुढाऱ्यांनी एलियट आठवावे. विश्वास वारशाने टिकत नाही. तो दर पाळीला नव्याने कमवावा लागतो.