भुतांनी रंग पुसला तेव्हा

भुताच्या गोष्टीचा एक साधा नियम असतो. ऐकणाऱ्याने अंधारात बसायचं आणि सांगणाऱ्याने मध्येच दिवा लावायचा नाही. हा नियम मोडला की काय होतं, ते १९३५ सालच्या ‘मार्क ऑफ द व्हॅम्पायर’ या हॉलिवूडच्या चित्रपटात मी पाहिलं.

तयारी तर जय्यत होती! दिग्दर्शक टॉड ब्राउनिंग, म्हणजे १९३१ साली ‘ड्रॅक्युला’ काढणारा. त्यातला ड्रॅक्युला, बेला लुगोसी, इथे काउंट मोरा झालेला. कॅमेरा जेम्स वाँग हाऊसारख्या जाणत्याच्या हाती. गोष्ट प्रागच्या आसपासची. एका सरदाराचा खून होतो. मानेवर दोन टोचल्याच्या खुणा, अंगात रक्त नाही. पडक्या वाड्यात मोरा आणि त्याची पांढऱ्याफटक चेहऱ्याची मुलगी लुना कोळिष्टकांतून मुकाट चालत येतात. लुना वटवाघळासारखे पंख पसरून खाली उतरते, तेव्हा आजही अंगावर काटा येतो. मोराच्या कानशिलावर एक जखम आहे. तिची कहाणी आता कळेल, मग कळेल, म्हणून मी वाट पाहत राहिलो. ती कळलीच नाही.

कळलं ते भलतंच. खुन्याला पकडण्यासाठी पोलिसांनी सापळा रचलेला, आणि ही भुतं म्हणजे पैसे देऊन आणलेले नट! खुनी संमोहनाखाली आपला गुन्हा पुन्हा करून दाखवतो आणि भुतं सामान आवरू लागतात.

भुताचा उलगडा करायला माझी ना नाही. ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’मधला कुत्रा फॉस्फरसमुळे चमकत होता, हे कळल्यावर आपण मान डोलावतोच. पण इथे भाड्याची नटी हवेत उडाली कशी, याचं पटणारं उत्तर नाही.

ही युक्ती ब्राउनिंगची जुनीच. १९२७ च्या ‘लंडन आफ्टर मिडनाइट’ या मूकपटात त्याने ती वापरली होती. तेव्हा भूत शेवटी खोटं निघणं हा अमेरिकी पडद्यावरचा रिवाजच होता. पण मधल्या काळात ‘ड्रॅक्युला’ येऊन गेला होता. खरं पिशाच पडद्यावर मानायला प्रेक्षकांना ब्राउनिंगनेच शिकवलं, आणि चार वर्षांनी त्यानेच माघार घेतली. माझं दुःख हे आहे.

आमची आजी गोष्ट संपली की कंदिलाची वात बारीक करायची. ‘खोटं होतं रे ते’ असं ती कधीच म्हणाली नाही.