नम्रता आणि फिर्याद



छत्रपती संभाजीनगरच्या छावणीच्या पलीकडे, दौलताबादच्या वाटेवरील या पडेगावात ख्रिस्ती साहित्यिकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदाचा मान आपण मला दिला, तेव्हाच ‘विषय सौम्य असावा, दिवस नाजूक आहेत’ अशी सूचनाही दोघातिघा हितचिंतकांनी मोठ्या अदबीने माझ्या कानी घातली. त्या सूचनेलाच मी आज विषय केले आहे. कारण ज्या समाजाला स्वतःच्या मांडवात, स्वतःच्या माणसांपुढेही आवाज खाली ठेवावा लागतो, त्याच्या छळाचे निम्मे काम छळणाऱ्यांच्या आधी त्यानेच उरकलेले असते.

छळ आम्हांला नवा नाही. सन १८४३ मध्ये नारायण शेषाद्री यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहिला म्हणून बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. मुलगा अज्ञान होता, तेव्हा तो निवाडा योग्यच होता असे मी मानतो. परंतु खरा प्रसंग पुढेच उभा राहिला. परधर्मीयांच्या घरचे अन्न पोटात गेलेल्या त्या पोराला प्रायश्चित्त देऊन पदरात घ्यावे की नाही, यावर मुंबईचा ब्रह्मवृंद दुभंगला, आणि घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांसारख्या विद्वानालाही सनातन्यांचा रोष पत्करावा लागला. धर्म सोडणाऱ्याबरोबर परत येऊ पाहणाराही त्या काळी छळाला पात्र होता, हे आज ‘घरवापसी’चे आवाहन करणाऱ्यांनी विसरू नये. तेच रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलुखात, आपल्या जालन्यास आले, आणि सर सालारजंगांच्या कारकिर्दीत मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल वसविले. ब्राह्मण कुळातला पाळक, मुसलमान दिवाणाच्या अमलातील जमीन, आणि गावकुसाबाहेरून आलेली मांग-महारांची कुटुंबे, असा आमच्या मंडळीचा या मातीतला फेरफार आहे. आम्हांला परके म्हणणाऱ्यांनी तो एकदा उतरवून घ्यावा.

पंडिता रमाबाईंची कहाणी आपण जाणता. सन १८९३ मध्ये शारदासदनावर ‘केसरी’ने झोड उठविली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडले, पालकांनी मुली काढून नेल्या, तरी बाई डगमगल्या नाहीत. आणि अगदी कालपरवाची गोष्ट : जानेवारी २०२० मध्ये धाराशिवास, तेव्हाच्या उस्मानाबादेत, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो बसले. ‘सुवार्ता’ मासिक चालविणारा आणि वसईच्या हिरव्या भूमीसाठी गुंडांशी झुंजलेला हा मराठी लेखक केवळ धर्मगुरू आहे म्हणून काहींना खुपला. विरोध झाला, धमक्या आल्या. ते संमेलन भरविणाऱ्या साहित्य महामंडळाचे कार्यालय त्या वेळी याच शहरात होते. आजारी शरीराने फादर आले आणि जे बोलायचे ते बोलून गेले. त्या प्रकरणी आमच्यापैकी किती संस्थांनी निषेधाचा एक ठराव तरी केला, हे ज्याने त्याने आपापल्या दप्तरात पाहावे.

येथे एक आक्षेप मी स्वतःच उभा करतो. छळाची फिर्याद मांडणाऱ्याने गोवा विसरू नये. १५६० मध्ये तेथे स्थापन झालेले आणि १८१२ मध्ये कायमचे बंद झालेले इन्क्विझिशन आमच्याच धर्माच्या नावाने चालले, आणि त्याने देशी चालीरीती पाळणाऱ्या नवख्रिस्त्यांनाही सोडले नाही. त्याचे समर्थन मी करणार नाही आणि करूही देणार नाही. परंतु पोर्तुगीज राजसत्तेच्या पापाची वसुली वाडीवस्तीवर प्रार्थनेला जमलेल्या मजुराकडून करावी, हा कोणत्या धर्मशास्त्राचा न्याय?

आता सरकारी छळाकडे वळू. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने इंग्रजाने एवढे तरी मान्य केले की धर्म वा जात सोडल्याने वारसाहक्क बुडू नये. परंतु १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या कलमाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित केला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आजही बाहेर आहे. परिणाम असा की जात त्याला गावात सोडीत नाही, तहसीलीत मात्र ती त्याच्यापाशी उरलीच नाही असे ठरते. आणि म्हणून शाळेच्या दाखल्यावर एक धर्म नि रविवारच्या उपासनेत दुसरा, अशी दुहेरी जिणी शेकडो घरांत चालली आहेत. मी त्यांना भित्रे म्हणत नाही. पोराची शिष्यवृत्ती आणि श्रद्धा यांतून एक निवडावयास लावणारा कागद ज्यांनी तयार केला, त्यांना मी दोष देतो. त्याच श्वासात हेही विचारतो की मंडळीतही सोयरीक जुळवताना जात विचारली जाते की नाही?

यावर आमचे काही पाळकसाहेब सांगतात, दुसरा गाल पुढे करा. वचन पवित्र आहे. परंतु अर्धेच वाचलेले आहे. महायाजकापुढे शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते दाखव, नाहीतर मला का मारतोस, असा रोखठोक जाब त्याने विचारला. फिलिप्पैत पौलाला चौकशीवाचून फटके मारून कोंडले, आणि दुसऱ्या दिवशी अधिकारी त्याला गुपचूप सोडू लागले. पौलाने जाण्यास नकार दिला. आम्ही रोमी नागरिक आहोत, तुम्ही स्वतः येऊन आम्हांला बाहेर काढा, असे त्याने बजावले, आणि ते आले. पुढे तर त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. क्षमा करणे हा फिर्यादीचा अधिकार आहे. ज्याने फिर्यादच नोंदविली नाही, तो क्षमा कसली करणार? तो केवळ सुटका करून घेतो, आणि त्या सुटकेला अध्यात्माचे नाव देतो.

तेव्हा माझे मागणे स्पष्ट आहे. उपासनेत कोणी घुसून दंगा केला तर भारतीय न्याय संहितेच्या ३०० व्या कलमाखाली तो गुन्हा आहे, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात ठरविले आहे. ठाण्यात बसवून लिहून घेतलेल्या ‘आपसांत मिटले’ या कागदावर सही करू नका. खबरेची प्रत हातात घेतल्याखेरीज उठू नका. आणि लेखकांनो, बाबा पदमनजींनी ‘अरुणोदय’ लिहिले, लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली, म्हणून त्या काळचे ख्रिस्ती घर आज मराठी वाचकाला ठाऊक आहे. आपल्या काळचे आपण लिहा : नाव, गाव, तारीख, साक्षीदार यांसह, रडगाणे न गाता, आणि एकही गोष्ट न वाढविता. ज्या मंडळीत असा प्रसंग घडला असेल, तिच्या सेक्रेटरींनी ती हकीकत आज संध्याकाळपर्यंत या संमेलनाच्या कार्यवाहांकडे लेखी द्यावी.