शर्यतीच्या इंजिनाची नाडीपरीक्षा

माझा सारा जन्म मास्तरकींत गेला. तेव्हां शर्यतीच्या मोटारसायकलीविषयीं मीं बोलावें याचें आपणांस नवल वाटेल. परंतु गेल्या उन्हाळ्यांत आमच्या डोंबिवलीच्या घरीं एक प्रसंग घडला, आणि तीस वर्षें मुलांकडून घोकून घेतलेलें त्रैराशिक मला काजळीनें माखलेल्या हातांनीं पुन्हां सोडवावें लागलें. त्याचीच हकीकत आज सांगणार आहें.

माझा एक जुना विद्यार्थी कल्याणला एका कारखान्यांत रात्रपाळी करतो. त्याच्यापाशीं यामाहा आर. एक्स. १०० ही गाडी आहे. १९८५ पासून १९९६ पर्यंत ही गाडी आपल्या देशांत तयार होत असे. पण ठाणें-कल्याणच्या तरुणांचें तिच्यावरील प्रेम अजून आटलेलें नाहीं. तिचें इंजिन दोन घातांचें, अवघें ९८ घन सेंटिमीटरचें. मूळ स्वरूपांत तें मिनिटास ७५०० फेऱ्यांच्या वेगानें सुमारें ११ अश्वशक्ति देतें. मातीच्या मैदानावरील शर्यतीसाठीं या मुलानें सिलिंडरांतील धूर जाण्याचें दार घासून वर चढविलें, आणि ठाण्याच्या एका मित्राकडून फुगीर पोटाचा, शर्यतीचा म्हणून मिळणारा सायलेन्सर विकत आणला. आतां इंजिनानें ९००० फेऱ्यांना जोर धरावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत गाडी ७५०० पर्यंत झेपावे, आणि तेथें कोणी लगाम खेंचावा तशी गळून जाई.

शर्यतीला बारा दिवस उरले होते. "गुरुजी, मिस्त्री म्हणतो, दार अजून दोन मिलिमीटर वर घासूं. तुम्ही एकदां हिशेब बघून द्या," असें म्हणून तो माझ्यापुढें बसला. या खटाटोपासाठीं त्याच्या आईच्या बांगड्या गहाण पडल्या होत्या, हेंही बोलतां बोलतां कळलें. मीं म्हटलें, "अरे, घासलेला धातु परत येत नाहीं. आधीं रोग कोणता तें ठरूं दे, शस्त्र मागाहून."

श्रोतेहो, शक्ति कमी पडली कीं नवा भाग बसविण्याची घाई होते. जाणता वैद्य मात्र आधीं साधीं दुखणीं तपासतो. आम्हीही तसेंच केलें. मूठ पूर्ण पिळली असतां कार्बोरेटरचें दार पूर्ण उघडतें काय? क्लच घसरतो काय? ब्रेक चाकाला घासतो काय? यांत दोष आढळला नाहीं. मग प्लग काढून पाहिला. निरोगी प्लगचें टोक भाजलेल्या शेंगदाण्यासारखें तांबूस असतें. याचें टोक पांढरें फटक होतें. म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. पण मुलानें तर दोनदां मोठा जेट बसविला होता! मग ही जास्तीची हवा येते कोठून?

इंजिनाचीं दोन्ही तोंडें बुचांनीं बंद केलीं, सायकलच्या पंपानें आंत चौरस इंचास सहा पौंड एवढाच दाब भरला आणि सांध्यांना साबणाचें पाणी लावलें. सिलिंडरच्या बुडाशीं बारीक बुडबुडे उठूं लागले. तेथील पॅकिंग फाटलें होतें. अशा गळतीनें इंजिन तापतें आणि भर वेगांत पिस्टन सिलिंडरला चिकटून बसतो. मग गाडीच नव्हे, स्वारही पडतो. थोडक्या रुपयांचें पॅकिंग बदलतांच प्लग तांबूस झाला. पण ७५०० ची भिंत मात्र उभीच राहिली! एका दुखण्याआड दुसरें लपलेलें होतें.

आतां सकाळची डोंबिवलीची लोकल डोळ्यांपुढें आणा. डबा भरून माणसें दारांत लोंबकळत आहेत. गाडी हलण्याच्या क्षणीं फलाटावरून कोणी खांदा दिला, तर तीं आंत जातात; तोच खांदा गाडी गेल्यावर देऊन काय उपयोग? दोन घातांच्या इंजिनांत धुराबरोबर थोडें ताजें मिश्रणही बाहेर निसटतें. दार उघडतांच निघालेली दाबाची लाट सायलेन्सरच्या मागच्या निमुळत्या शंकूवर आदळून परत फिरते, आणि दार मिटण्यापूर्वीं तें मिश्रण पुन्हां आंत लोटते. विहिरींत दिलेली हांक परत यावी, तशी ही लाट. ती वेळेवर आली तर बळ; उशिरा आली तर नुसता आवाज.

पुठ्ठ्याच्या वर्तुळावर ३६० अंश आंखून तें क्रँकच्या टोकाला बसविलें. दार १९० अंश उघडें राहतें असें दिसलें. ९००० फेऱ्यांना एक फेरी सुमारें ६.७ सहस्रांश सेकंदांत होते. त्यांतील १९० अंशांना ३.५ सहस्रांश मिळतात. तापलेल्या धुरांत लाट सेकंदास साधारण ५०० मीटर धांवते; तेवढ्या अवधींत ती सुमारें १७६ सेंटिमीटर जाईल. जाणें-येणें धरून निम्में, म्हणजे ८८. मुलाचा सायलेन्सर पिस्टनपासून मागच्या शंकूच्या मध्यापर्यंत मोजला, १०५ भरला. उलट हिशेब केला, तर त्याची वेळ ७५०० फेऱ्यांनाच जुळत होती! सिलिंडर एका वेगासाठीं घासलेला आणि सायलेन्सर दुसऱ्या वेगाचा. दोघांचें भांडण लागलें होतें. दार आणखी घासलें असतें तर तें विकोपालाच गेलें असतें.

मुलानें सायलेन्सर मित्राला परत केला. वागळे इस्टेटमधील एका पत्र्याच्या कारागिरानें नवा घडविला. मुद्दामच थोडा लांब. मग पुढची नळी एकेक सेंटिमीटर कापीत गेलों आणि दर खेपेस बंदिस्त पटांगणांत गाडी पळवून पाहिली. एका वेळीं एकच बदल, आणि प्रत्येकाची वहींत नोंद. शेवटीं ९००० चा कांटा गांठला.

हें शास्त्र कांहीं माझें नव्हे. पूर्व जर्मनींतील एम. झेड. कारखान्याचे वाल्टर काडेन यांनीं १९५० नंतरच्या दशकांत याच परतणाऱ्या लाटेचा अभ्यास केला, आणि १९६१ च्या सुमारास १२५ घन सेंटिमीटरच्या इंजिनांतून २५ अश्वशक्ति काढली. त्यांच्यापाशीं पैशाची चैन नव्हती. होती ती मोजण्याची चिकाटी.

मुलाला शर्यतींत बक्षीस मिळालें नाहीं. पण इंजिन अखेरच्या फेरीपर्यंत टिकलें, आणि दिवाळीपूर्वीं आईच्या बांगड्या घरीं आल्या. अशी गाडी रस्त्यावर आणणें कायद्याला धरून नाहीं, हें मीं त्याला बजावलें आहे, आणि त्यानें तें ऐकलेंही आहे. त्यानें वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहून ठेवली आहे, ती आपल्याही कामीं येईल: "आधीं मोजावें, मग घासावें."