जाणिवेचे गणित

श्रोतेहो, जाणीव मोजता येईल का, या प्रश्नाचे उत्तर गणिताच्या भाषेत देण्याचा धाडसी प्रयत्न मेंदूशास्त्रज्ञ जूलिओ टोनोनी यांनी २००४ मध्ये केला.

त्यांच्या 'एकात्मिक माहिती सिद्धांता'नुसार, एखादी रचना आपल्या सुट्या भागांच्या पलीकडे जाऊन, एकसंधपणे जेवढी माहिती धारण करते, तेवढी तिच्यात जाणीव असते. आणि ही अधिकची माहिती 'फाय' या ग्रीक अक्षराने दर्शवतात.

कॅमेऱ्यातील लाखो प्रकाशबिंदू आपापली नोंद स्वतंत्रपणे करतात;
ते वेगळे केले, तरी काहीच हरवत नाही;
म्हणून तेथे फाय शून्य.

मेंदूकडे पाहावे.
लहान मेंदूत चेतापेशी मोठ्या मेंदूपेक्षा कितीतरी अधिक असतात, तरीही त्याला इजा झाल्यास तोल बिघडतो, जाणीव मात्र टिकते. कारण, या सिद्धांताच्या मते, तेथील जोडण्या बहुतांशी परस्परांपासून अलग चालतात.
म्हणजे, श्रोतेहो, महत्त्व पेशींच्या संख्येला नाही, त्यांच्या गुंफणीला आहे.

मात्र फाय काढण्यासाठी रचनेची शक्य ती प्रत्येक विभागणी तपासावी लागते, आणि या विभागण्या इतक्या झपाट्याने वाढतात की, अवघ्या ३०२ चेतापेशींच्या सूक्ष्म कृमीचाही नेमका फाय काढणे संगणकाच्या आवाक्याबाहेरचे ठरते.

याहून गंभीर आक्षेप संगणकशास्त्रज्ञ स्कॉट ॲरनसन यांनी २०१४ मध्ये घेतला.
साध्या तार्किक घटकांची पुरेशी मोठी जाळी मांडली, तर तिचा फाय मानवी मेंदूहूनही अधिक भरू शकतो, हे त्यांनी दाखवले. आणि टोनोनी यांनी, सिद्धांताशी प्रामाणिक राहून, अशा जाळीत जाणीव असल्याचे मान्य केले.