‘स्त्री’ किती अक्षरांची?



मागच्या वर्षी पेरणीच्या तोंडावर आमच्या बचत गटाचं कर्जाचं प्रकरण बँकेतून परत आलं. ठराव होता, सह्या-अंगठे होते, जुना हप्ता एकही थकलेला नव्हता. पण यादीतली नावं पासबुकाशी जुळेनात. सावित्रीबाईंच्या जागी ‘सावित्’ छापलेलं, शकुंतलाताईंचं ‘शकुंतल’ झालेलं. पैसे पंधरा दिवस लांबले. बी घ्यायला दोघींनी सावकाराकडून उचल केली. त्याचं व्याज कुठल्या वहीत मांडायचं?

ती यादी एका सदस्येच्या लेकीने कॉम्प्युटरवर केली होती. पोरगी कॉलेजात पायथॉन शिकते. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला काम सांगायची भाषा. रकाना लहान म्हणून तिने सांगितलं, नाव सहा अक्षरांचं घे. आपण मोजतो सा-वि-त्री, तीन. मशीन काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजतं. त्याच्या हिशेबी आठ! सहावर कात्री लागली. ‘लता’, ‘मीरा’ तेवढ्या सुटल्या.

आम्ही पोरीला नको ते बोललो. मग तिने आम्हाला शेजारी बसवून दाखवलं.

दिवाळीला प्रत्येक घरी भाजणी भाजत नाहीत. एकीने भाजली की बाकीच्या डबा भरून नेतात. पायथॉनचं तसंच. नेदरलँड्समधल्या गिडो व्हॅन रॉसम यांनी 1991 साली ही भाषा लोकांपुढे ठेवली, पण सगळी कामं एका माणसाने थोडीच लिहायची? ज्याला अडलं त्याने तेवढा भाग तयार करून ठेवला. अशा तयार भागाला लायब्ररी म्हणतात. 2003 पासून त्यांचं एक कोठार आहे, पायपीआय नावाचं. तिथे आज 5 लाखांहून जास्त पुडकी आहेत, घ्यायला फुकट. मात्र मिळत्याजुळत्या नावाची नकली पुडकीही कुणी ठेवतं, म्हणून नाव नीट वाचूनच उचलायचं.

त्यातली अक्षरं मोजणारी लायब्ररी तिने आणली. ‘स्त्री’ हा शब्द नुसतं पायथॉन 6 मोजतं. ती लायब्ररी म्हणाली 3. आपल्याला तर ते एकच अक्षर दिसतं! जगभरच्या लिप्यांचे नियम ठरवणारी युनिकोड नावाची संस्था आहे. देवनागरीतलं जोडाक्षर एकच धरायचं, हे तिच्या मोजणीच्या नियमात 2023 साली आलं. त्यानंतर लायब्रऱ्यांनी आपापली मोजणी बदलायची. पोरीने नवा नियम पाळणारी शोधली, तेव्हा कुठे ‘स्त्री’ एक झाली. (सहाची अटही काढली, ते आधीच करायला हवं होतं म्हणा.)

रकमेचंही तसंच. सव्वा लाखात पायथॉन आपल्या सवयीने स्वल्पविराम 125,000 असा टाकतं. आमच्या बायका त्याला अडखळतात. बेबल नावाच्या लायब्ररीने तेच 1,25,000 लिहिलं.

पण एक गोष्ट आम्हाला अजून मिळालेली नाही. आधारवर नाव इंग्रजीत एक, पासबुकात दुसरं. ज्ञानेश्वरी कुणी ‘डी’पासून लिहितं, कुणी ‘जी’पासून. ही एकच बाई, हे मशीनला कळावं कसं? ते ज्याने लिहायचं त्याला आपल्या नावांची ही तऱ्हा माहीत हवी, आणि ती आपल्यालाच माहीत. म्हणून ती लायब्ररी पोरगी लिहायला बसली आहे आणि नावं आम्ही गोळा करतो आहोत. फक्त पहिलं नाव आणि त्याची इंग्रजी स्पेलिंगं. आडनाव नाही, खातं नाही, आधार नंबर तर नाहीच. झालं की तीही त्याच कोठारात ठेवणार, कुणालाही घेता येईल अशी.

तुमच्या गटातली नावं आम्हाला हवी आहेत. पासबुक आणि आधार शेजारी ठेवून बघा, वेगळं दिसलं तर दोन्ही रूपं कागदावर उतरवून महिन्याच्या बैठकीला आणा. मागच्या बैठकीत एकट्या ‘लक्ष्मी’ची चार रूपं निघाली, आणि चौथं जिचं होतं तिला ते त्या दिवशीच कळलं.